दांडी खाली आली की थांबायचं

गिटारच्या ज्या लांब भागावर डावा हात फिरतो त्याला जग नेक म्हणतं. मी दांडी म्हणतो. मिरजेत सतारमेकरच्या पोटी जन्मलो. आमच्याकडे सतारीला दांडी, तंबोऱ्याला दांडी, मग गिटारनंच काय घोडं मारलंय? दुबई-शारजा-अजमानच्या या पट्ट्यात अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं, मराठीत ऑफिसचं इंग्रजी घुसलं, हिंदीचं तर कडबोळं झालं, पण दांडी दांडीच राहिली. माझ्या बँडमधला केरळी बेसवाला आणि गाणारी फिलिपिनो बाई, दोघंही मुकाट्यानं 'डांडी' म्हणायला शिकली. ड्रमवाला आपलाच, रत्नागिरीकडचा. त्याला शिकवायला लागलं नाही.

आमच्या बँडचा एकच कायदा होता. दांडी वर असेपर्यंत वाजवायचं, दांडी खाली आली की थांबायचं. मी डोळे मिटून वाजवतो, त्यामुळे माझ्या तोंडाकडे बघून कुणाला काही कळायची सोय नाही. हॉटेलातलं स्टेज म्हणजे दोन टेबलं सरकवून केलेली जागा, समोर लोकांचा कलकलाट, ओरडून सांगावं तर आपलंच आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून दांडी. मी ती गुडघ्याकडे झुकवली की तिघं जागच्या जागी गप्प. मग मी एकटा एक ओळ वाजवणार. दांडी उचलली की सगळे धाडकन आत. ब्लूज ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगतो, फार अवघड प्रकार नाही. बारा घरांचं एक आवर्तन, फिरून फिरून पहिल्या घरात यायचं, आणि दर फेरीला तेच दुःख जरा वेगळ्या तोंडानं सांगायचं. पण सगळे मिळून एकदम थांबतात आणि एक गिटार एकटी बोलते, तिथे त्याचा जीव असतो. ते थांबणं ज्या बँडला जमत नाही त्यानं लग्नात वाजवावं.

या नादाला मी लागलो तो वडिलांच्या दुकानात. गावातल्या एका दवाखान्यात परदेशी डॉक्टर यायचे, त्यातल्या एकानं दांडी मोडलेली गिटार आमच्याकडे आणली. वडिलांनी आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. "सतारीची जोडतो, हिची का नाही जोडणार?" म्हणाले आणि जोडली. घ्यायला आला तेव्हा डॉक्टर दुकानाच्या पायरीवर बसला आणि काहीतरी संथ, रडवेलं वाजवायला लागला. वडील तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढत होते. त्यांचा कानसवाला हात थांबला.

"हा गंधार कुठला रे?" त्यांनी मला विचारलं. "कोमल नाही. शुद्ध पण नाही."

मला काय कळतंय? मी नाक पुसत उभा. त्यांनी अजून जरा ऐकलं आणि म्हणाले, "मधला आहे. पण मुद्दाम आहे. जागा सापडलीय त्याला."

त्या मधल्या गंधारानं माझं आयुष्य खाल्लं. वडिलांना वाटलं होतं पोरगं दुकान बघेल. पोरगं पुण्याच्या हॉटेलांत वाजवायला लागलं आणि तिथून एका एजंटाच्या नादानं दुबईत आलं. इथे सुरुवातीला काय काय वाजवलंय ते विचारू नका. वाढदिवसाची गाणी, अरबी गाणी, हिंदी सिनेमातली गाणी, कोट घालून, फुलपाखरासारखा बो लावून. मधेच एखादं ब्लूज घुसवायचो, मॅनेजर डोळे वटारायचे. पुढे स्वतःचा बँड काढला. माणसं येत गेली, कॅनडाला गेली, नोकरीला लागली, एकजण तर दाढी वाढवून गाणंच सोडून बसला. नवा आला की पहिल्या दिवशी तोच धडा: दांडी बघ. नाव झालं का? डोंबलाचं नाव! पण आमचं थांबणं ऐकायला काही म्हातारे गोरे दर शनिवारी यायचे, समोरच्या टेबलावर बसायचे, आणि आम्ही थांबलो की म्हणे तेही हातातला घास तसाच धरून थांबायचे. मला तेवढं पुरत होतं.

शेवटची काही वर्षं आम्ही एकाच हॉटेलात होतो. शनिवारची दुपार. पडदे ओढून आत रात्र केलेली, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि माणसं नाश्ता आणि जेवण एकत्र करून चार वाजेपर्यंत खातायत, पितायत. तालीम रविवारी, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात. ड्रमवाला तिथे एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. मालक सांगलीचा, रविवारी किल्ली देतो. पत्र्याच्या त्या मोठमोठ्या नळकांड्यांच्या मधे बसून आम्ही वाजवायचो आणि थांबलो की पत्रा थोडा वेळ गुणगुणत राहायचा. ड्रमवाला कोकणात बेंजो पार्टीत वाढलेला, गणपतीपुढे वाजवून तयार झालेला. त्यानं मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले.

हात जायला लागला ते आधी मला कळलंच नाही. वाटलं, वय झालं. करंगळी बोलावल्यावर उशिरा यायची. मग शर्टाची बटणं. मग एक दिवस चहाचा कप डाव्या हातातून असा सुटला, जसा काही मी तो धरलाच नव्हता. शारजातल्या दवाखान्यात लखनौकडचा एक डॉक्टर होता, भला माणूस. सगळ्या तपासण्या बघून म्हणाला, "नसों का मामला है. ताक़त जाएगी, धीरे-धीरे. पहले यही हाथ." मी विचारलं, परत येईल का? तो म्हणाला, "इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा अर्थ इथे राहणाऱ्या माणसाला बरोबर कळतो.

बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं. मुलगी अबुधाबीला, खलिफा सिटीत राहते. फोनवर म्हणाली, "बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट स्टॉप?" मी म्हटलं, बाई गं, थांबणं हाच माझा धंदा आहे, मला नको शिकवूस. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. बँडला मात्र सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण सांगितलं की ते माझ्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघणार. मास्तर जाऊन पेशंट होणार. मला ते सहन झालं नसतं.

आणि मग दांडीच घसरायला लागली. गिटार गळ्यात पट्ट्यानं लटकते खरी, पण दांडी वजनानं खाली जायला बघते, डाव्या हातानंच ती पेललेली असते. एका शनिवारी संथ गाणं चाललेलं, पाचव्या घरात होतो आम्ही, आणि हातातली ताकद क्षणभर गेली. दांडी गुडघ्यावर. तिघं थांबले. थांबणारच! इतकी वर्षं तेच शिकवलेलं. हॉलमध्ये एकदम शांतता. मी घाबरलो, पण सवय वाईट असते; लगेच एकटा एक ओळ वाजवली, जीव खाऊन दांडी उचलली, ते आत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरचा म्हातारा तर उठून उभा राहिला.

गाणं संपल्यावर ड्रमवाला वाकून म्हणाला, "मास्तर, नवीन जागा काढलीत?"

"मग? झोपलेला नाहीस ना हे बघत होतो."

असं किती दिवस चालणार? पुढच्या वेळी तीनदा झालं. त्याच्या पुढच्या वेळी तर एका गाण्यात इतक्यांदा थांबलो की गाणारी बाई ओळ विसरली. दर वेळी मी एकटा काहीतरी वाजवायचो, दर वेळी मुद्दाम केल्यासारखं तोंड करायचो. तालमीत बेसवाल्यानं हळूच विचारलं, मास्टर, हाथ ठीक है ना? मी त्याच्यावर असा उखडलो की पत्रे वाजले. "तुला काय करायचंय? दांडी बघ, दांडी!" बिचारा तारा जुळवायला लागला. हॉटेलचा मॅनेजर लेबनॉनचा. एका शनिवारी जाता जाता हसत म्हणाला, "हबीबी, एकाच गाण्याला इतके शेवट?" हसत म्हणाला खरा, पण पुढच्या महिन्यापासून शनिवारी डीजे आणायचा विचार आहे, हेही त्याच हसण्यात सांगून गेला.

त्या रात्री मी ठरवलं. मला कुणी काढायचं नाही. मॅनेजरनं नाही, डॉक्टरनं नाही, आणि या मेल्या हातानं तर नाहीच. शेवट मी करणार. येत्या शनिवारी शेवटच्या संथ गाण्यात, शेवटच्या आवर्तनात, दांडी खाली करणार. माझ्या मर्जीनं. तिघं थांबतील. मी एकटा ती ओळ वाजवेन, वडिलांनी ओळखलेल्या त्या मधल्या गंधारावर येऊन उभा राहीन, आणि मग दांडी उचलायचीच नाही. बस्स. खलास. त्यांना तिथेच कळेल. न बोलता कळेल. आयुष्यभर न बोलताच तर सांगत आलो सगळं.

आधी का नाही सांगितलं म्हणाल, तर अहो, सांगितलं असतं तर केक आला असता. मराठी मंडळाला कळलं असतं तर शाल आणि नारळ आला असता. मॅनेजर माईक घेऊन भाषण करता झाला असता आणि गाणारी बाई पहिल्या गाण्यापासून मुसमुसत बसली असती. मला त्यातलं काही नको होतं. मला फक्त एकदा, माझ्या सांगण्यावरून, नीट थांबायचं होतं.

बायकोला एवढंच म्हटलं, "या शनिवारी तूपण चल." ती कधीच येत नसे. दारूचा वास तिला आवडत नाही आणि त्या थंडगार अंधारात तिचे गुडघे दुखतात. म्हणाली, "येते की." त्या आठवड्यात तिनं गिटारचा पट्टा मागून घेतला आणि आतल्या बाजूनं खरखरीत कातडं शिवून दिलं, म्हणजे खांद्यावरून घसरायला नको. जाड सुई, अंगठ्याला भोकं पडली तिच्या. बुधवारी की गुरुवारी ती स्वयंपाकघरातून कुणाशी तरी फोनवर बोलत होती. "हो हो भाऊ, तुम्ही करा तसंच. त्यांना नका सांगू, चिडतील." भाऊ म्हणजे ड्रमवाला. मला वाटलं, डब्याचं काही चाललं असेल. तिच्या साबुदाण्याच्या खिचडीवर त्याचा फार जीव.

शनिवारी त्याच्याच गाडीतून गेलो. अजमानहून दुबईला जाताना शारजात अडकायचं ते अडकलोच. बायको मागे बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. हॉटेलात तिला म्हाताऱ्या गोऱ्यांच्या शेजारचं टेबल दिलं. तिनं फक्त मोसंब्याचा रस घेतला आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

पहिली गाणी चांगली गेली. पट्टा लागू पडला होता. थांबणं मी शेवटच्या गाण्यासाठी राखून ठेवलं होतं, आधी कुठे मुद्दाम दांडी खाली केलीच नाही. एकदा दांडी जराशी घसरली, पण ते थांबले नाहीत. वाटलं, फार झुकली नसेल. दुसऱ्यांदाही तसंच. मी मनात म्हटलं, आज देव बरोबर आहे. उगाच इतके दिवस घाबरत होतो. हातसुद्धा त्या दिवशी अंगात आल्यासारखा चालला. करंगळी वेळेवर आली. आयुष्यात जेवढं बरं वाजवलं असेल त्यातलं थोडंसं त्या दुपारी वाजवलं, असं मला अजून वाटतं.

मग शेवटचं गाणं. संथ. मी डोळे मिटले. आवर्तनं मोजायची मला गरज पडत नाही, अंगाला कळतं. शेवटची फेरी आली, दहावं घर आलं, आणि मी दांडी खाली केली. घसरली नाही, केली. पार गुडघ्यापर्यंत. आणि त्या शांततेची वाट बघत राहिलो.

ती आलीच नाही. ड्रम चालू. बेस चालू. बाई गातेय.

वाटलं, दिसलं नसेल. दांडी उचलली आणि पुन्हा खाली केली, जोरात, लहान पोराला कळेल अशी. ते वाजवतायत! पुढचं आवर्तन सुरूसुद्धा झालं. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाणं चालू असताना डोळे उघडले. मागे वळून बघितलं तर ड्रमवाला माझ्याकडे बघून हसत होता. असं हसत होता, इतक्या मायेनं, की काय सांगू. मान हलवून म्हणत होता, वाजवा मास्तर, वाजवा, आम्ही आहोत. बेसवाल्यानं मला अंगठा दाखवला. आणि गाणारी बाई गाता गाताच माझ्याजवळ आली, आपला हात दांडीखाली घातला आणि ती अलगद वर उचलून दिली. म्हाताऱ्याला जिना चढताना कोपराला धरतात ना, तशी.

तेव्हा मला सगळं समजलं. ती खिचडी नव्हती. त्या फोनवर हेच ठरलं होतं. दांडी घसरते, मास्तरांची अब्रू जाते, म्हणून यांनी ठरवलं होतं की आज काही झालं तरी दांडीकडे बघायचं नाही. इतकी वर्षं मी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, आणि माझ्यावरच्या प्रेमापोटी त्यांनी नेमकी तीच सोडून दिली.

ओरडावंसं वाटलं. थांबा रे, गाढवांनो, ही खरी आहे! पण ओरडलो नाही. समोर बायको बसली होती. पर्स बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, सगळं पार पडतंय. मी तारांवरून हात काढून घेतला. गिटार नुसती गळ्यात. आणि गाण्याला काहीसुद्धा झालं नाही! छान चाललं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. आणखी एक आवर्तन झालं, मग ड्रमवाल्यानं काठी उंच धरली, दोघांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिघं एकदम नीट थांबले. मीच शिकवलेलं थांबणं. काठी त्याची.

टाळ्या खूप पडल्या. मॅनेजर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला. "आज एकच शेवट, हबीबी! परफेक्ट!"

परत येताना ड्रमवाला नुसता फुलला होता. वाटेत करक चहा घेतला, सगळ्यांना त्यानंच पाजला. गाडी शारजाच्या हद्दीत आल्यावर मात्र त्यानं वेग कमी केला. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मास्तर, आज एकदाही थांबलो नाही आम्ही. बघितलंत ना? आता तुम्ही बिनधास्त वाजवा. दांडी पडो नाहीतर काही होवो. आम्ही सांभाळतो."

मागून बायको म्हणाली, "किती छान झालं हो."

तुमच्या मायेनं माझा शेवट गिळला, असं सांगू? ज्या माणसानं आयुष्यभर माझ्या हाताकडे बघून काठी थांबवली, त्याला ही गोष्ट सांगून काय मिळणार होतं? मला त्याचा राग आला होता, भयंकर राग, आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटत होता. म्हटलं, "हो रे. छान झालं."

"पुढच्या शनिवारी नेहमीच्या वेळेला येऊ?"

"ये."

रविवारची तालीम काहीतरी निमित्त काढून टाळली, आठवडाभर मी गिटारला हात लावला नाही. बायकोनं दोनदा विचारलं, पट्टा टोचतो का म्हणून. मी म्हटलं, नाही, पट्टा उत्तम आहे. शनिवारी सकाळी गिटार पेटीत ठेवली, पट्टा नीट गुंडाळून वर ठेवला आणि झाकण लावलं. नेहमीच्या वेळेला खालून हॉर्न वाजला. मी जिन्यानं खाली गेलो.

त्यानं डिकी उघडून ठेवली होती. मला बघून म्हणाला, "यल्ला मास्तर, उशीर झालाय. गिटार?"

मी डावा हात, दांडी धरल्यासारखा, त्याच्यापुढे उचलला. मग तो खाली नेला, गुडघ्यापर्यंत, सावकाश, आणि तिथेच ठेवला.

तो त्या हाताकडे बघत राहिला. वाट बघत होता, हात परत वर यायची. हात आला नाही. मग त्याचा चेहरा बदलत गेला, आणि गाडीत वाकून त्यानं इंजिन बंद केलं.

"म्हणजे त्या दिवशी..." तो म्हणाला. "शेवटच्या गाण्यात. ती खरी होती?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. तो तिथेच, उघड्या डिकीच्या काठावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. मागे कुणाची तरी गाडी अडली होती, तिचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी त्याला हातानं सांगितलं, थांब जरा.